जिन्याविरुद्धचा अर्ज

दत्ताराम परब यांनी सोसायटीला आयुष्यात एकच तक्रारअर्ज दिला, आणि तो जिन्याविरुद्ध.

मी तेव्हा मुलुंड पूर्वेच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी म्हणजे पाणी आलं नाही तर शिव्या खाणारा आणि पाणी गळलं तरी शिव्या खाणारा माणूस. गळती, पार्किंग, वरच्यांचा मिक्सर, खालच्यांचा कुत्रा, असल्या तक्रारी मला तोंडपाठ होत्या. पण 'जिन्याच्या पायऱ्या अलीकडे खालीवर झाल्या असून काही ठिकाणी मऊ लागतात, तरी त्वरित बंदोबस्त व्हावा' हे मी पहिल्यांदाच वाचत होतो. खाली झोकदार सही होती आणि सहीखाली 'निवृत्त बस कंडक्टर' असा हुद्दा.

अर्ज आला की काहीतरी करावं लागतं. मी एक गवंडी बोलावला. त्याने पाणसळ काढली आणि तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्यांवर एकेक करून ठेवली. प्रत्येक पायरीवर तिच्यातला बुडबुडा शहाण्या मुलासारखा बरोबर मध्ये येऊन बसत होता. परब शेजारी उभे राहून प्रत्येक वेळी वाकून बघत होते. शेवटी गवंडी म्हणाला की साहेब, जिना एकदम सीधा आहे, नव्या बिल्डिंगमध्ये असा मिळत नाही. परबांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

"तुझी पाणसळ म्हातारी झाली असेल," ते म्हणाले आणि भिंतीला बोटं लावत वर निघून गेले.

भिंतीला बोटं लावत. हे मी त्या वेळी बघितलं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. शिरायला हवं होतं, कारण या माणसाने कशालाही हात लावणं ही बिल्डिंगमध्ये बातमी होण्यासारखी गोष्ट होती.

मुंबईत बसच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. बाकीच्यांचं ते रिटायर झाल्यावर सुटतं, परबांचं सुटलं नाही. माझ्या समोरच्याच दारात राहायचे. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. हे स्वतः चौतीस वर्षं लाल बसमध्ये उभे. 'उभे' हा शब्द मी मोजून वापरतोय. एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्या हातात पंच, त्यामुळे दोन्ही हात कामाला, आणि बस खड्ड्यातून चाललेली. अशा बसमध्ये चौतीस वर्षं त्यांनी वरची दांडी एकदाही धरली नाही, असा त्यांचा दावा होता. "कंडक्टरने दांडी धरली की तो पॅसेंजर झाला," हे त्यांचं आवडतं वाक्य. हे वाक्य बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने निदान पन्नास वेळा ऐकलेलं आहे. काहींनी तर बसमध्ये त्यांच्याबरोबर प्रवास करण्याची चूक केली, त्यांना ते उभ्याउभ्या शिकवलंही गेलं. पाय खांद्याइतके लांब, गुडघे जरा सैल, मांडी सीटच्या कडेला नुसती टेकलेली. ड्रायव्हर ब्रेक मारणार हे कानाला नंतर कळतं, पायाला आधी. पायाला बातमी पहिली येते, असं ते म्हणायचे.

दुसरी खोड घंटीची. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. नोकरीतली घंटीची दोरी सुटली, पण उजव्या हाताच्या बोटात एक जाडजूड चांदीची अंगठी होती, आणि ती ते मिळेल त्या लोखंडावर, पत्र्यावर, काचेवर वाजवायचे. सुमनकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जेवण वाढून झालं की ताटावर दोन ठोके पडायचे आणि मग जेवण सुरू व्हायचं. सोसायटीच्या सभेत आमच्या चेअरमनचं भाषण लांबलं की खुर्चीच्या दांड्यावर एक ठोका पडायचा. चेअरमन बसने कामावर जाऊन रिटायर झालेले, ते सवयीने वाक्याच्या मध्येच थांबायचे. इतकी परिणामकारक सभाशिस्त मी दुसरीकडे पाहिली नाही.

तर अर्जानंतर महिनाभराने चपलांचं प्रकरण झालं. पहिल्या मजल्यावर शहाबाईंकडे सत्यनारायण होता. प्रसाद घेऊन सगळे घरी गेले आणि शहाबाई स्वतः देवळात जायला निघाल्या, तर उजवी चप्पल गायब. खड्यांचं फूल असलेली, लग्नाबिग्नाची चप्पल. तिच्या जागी एक मोठी काळी पुरुषी चप्पल आडवी पडलेली. बाई माझ्याकडे आल्या. सेक्रेटरीने चप्पलचोर शोधावा अशी त्यांची अपेक्षा होती, आणि मी तो शोधायला त्यांना घेऊन फाटकापर्यंत गेलोही. समोरून मास्तर येत होते. हातात पिशवी, पिशवीतून बोंबलांच्या शेपट्या बाहेर, डाव्या पायात काळी चप्पल आणि उजव्या पायात खड्यांचं फूल. टाच चांगली दोन बोटं मागे लोंबत होती. तसेच ते बाजारात गेले, मासळीवालीशी हुज्जत घातली आणि तसेच परत आले.

मी नुसता खाली बघत राहिलो, तेव्हा त्यांनीही खाली बघितलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. ते घाबरले होते. पण क्षणभरच.

"तरीच ती मासळीवाली विचारत होती, मास्तर, उजवा पाय बायकोचा काय," ते म्हणाले. शहाबाई हसल्या, मी हसलो, प्रकरण मिटलं. माणसाला आपल्या पायात दुसऱ्याची, तीही बाईची, तीही तोकडी चप्पल आहे हे अर्धा तास कळत नाही, याचा अर्थ काय, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. विनोद चांगला झाला की माणसं पुढचं विचारत नाहीत, हे मास्तरांना नीट ठाऊक होतं.

त्यानंतर बातमी पसरली की मास्तर पितात.

पुरावा भक्कम होता. संध्याकाळी दिवेलागणीला कट्ट्यावरून उठले की चाल डगमगायची. जिन्यात भिंत चाचपायचे. सकाळी बघावं तर एक डोळा लालबुंद. दोन्ही नाही, एकच, पण अफवा एवढा बारकावा बघत नाही. बाहत्तराव्या वर्षी माणसाने नव्याने सुरुवात करावी याचं काहींना वाईट वाटत होतं, काहींना कौतुक. चेअरमननी मला एका बाजूला घेऊन सांगितलं की तू समोर राहतोस, तू बोल.

मी बोललो. आडवळणाने, म्हणजे तब्येत कशी आहे, संध्याकाळी कुठे बसता, असं. मास्तरांना पहिल्या वाक्यातच कळलं.

"लोक म्हणतात मी पितो," ते म्हणाले.

"म्हणतात खरे."

"म्हणू देत. तू पण म्हण." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दारुड्याला बघून लोक बाजूला होतात रे सेक्रेटरी. आजारी माणसाचं कोपर धरतात."

मला वाटलं की हा नेहमीचा मास्तरी विनोद आहे. घरी जाऊन बायकोला सांगितला, तीही हसली.

सुमनकाकू मात्र हसणाऱ्यातल्या नव्हत्या. ठेंगण्या, गोल, कायम घाईत, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला खुर्ची शोधावीशी वाटणाऱ्या. त्यांनी आधी तीन संध्याकाळी नवऱ्याचं तोंड हुंगलं. वेलदोड्याशिवाय काही नाही. मग पाळत ठेवली. आणि एका सकाळी मोरीतून धप्प असा आवाज आला, तेव्हा त्यांनी दाराला खांदा दिला. मास्तर उपड्या बादलीवर बसलेले, चेहऱ्यावर साबण, आणि एक डोळा उघडा. डोळ्यात फेस जातोय, पाणी वाहतंय, पण तो डोळा ते मिटत नाहीत. दोन्ही डोळे मिटले की जमीन एका बाजूला कलते, म्हणून गेले कित्येक महिने हा माणूस एक डोळा उघडा ठेवून तोंड धुत होता. डोळा लाल व्हायचं कारण साबण होतं.

काकूंनी शपथ घातल्यावर त्यांनी सगळं कबूल केलं. आधी तळव्यांना मुंग्या, मग रात्रीची आग, मग काहीच नाही. पायाखाली कापूस घातल्यासारखं. साखर वीस वर्षांची, गोळ्या कधी घ्यायच्या कधी विसरायच्या. कुणाला सांगायचं नाही, अशी अट घालून त्यांनी बायकोला सांगितलं, आणि काकू दहा मिनिटांत माझ्या दारात.

"सोसायटीत मधुमेहाचा कॅम्प लावा," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या एकट्यासाठी. पण सगळ्यांसाठी आहे असं दाखवा. पाय तपासायचेत म्हणून डॉक्टरला सांगून ठेवा."

"मास्तर येतील?"

"बोलावलं तर नाही येणार. लाईन लावायला माणूस नाही म्हणा. मग बघा."

काकूंची ही पद्धत पुढे मला नीट कळली. नवऱ्याला काही करायला लावायचं तर ते काम त्याला सांगायचं नाही, त्याच्या शेजारचं काम सांगायचं.

रविवारी पार्किंगमध्ये टेबल-खुर्च्या मांडल्या. डॉक्टर मीनल म्हणून तरुण बाई होत्या, स्टेशनजवळ दवाखाना. मास्तरांनी रांग अशी लावली की चेंगराचेंगरी तर सोडाच, कुणाला कुजबुजायची सोय राहिली नाही. पुढच्याचं झालं की टेबलावर दोन ठोके, पुढचा पुढे. शेवटी सगळे संपले आणि डॉक्टर म्हणाल्या, मास्तर, आता तुम्हीच राहिलात. पळायला जागा नव्हती. मागे काकू उभ्या होत्या.

तपासणी साधी. नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला टेकवायचा, आणि कळलं की पेशंटने 'हो' म्हणायचं. डोळे मिटून. मास्तरांनी डोळे मिटले, खुर्चीत बसलेले असल्यामुळे मिटू शकले, आणि पहिल्यापासून अचूक 'हो' म्हणायला लागले. अंगठा, हो. टाच, हो. करंगळीखाली, हो. काकूंचा चेहरा पडला. मलाही वाटलं, उगाच संशय घेतला. डॉक्टर मात्र थांबल्या. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हातात दोन काचेच्या बांगड्या होत्या. त्यांनी हात हवेतच जरा हलवला, पायापासून वीतभर लांब. बांगड्या किणकिणल्या.

"हो," मास्तर म्हणाले. "टोचलं."

डॉक्टरांनी बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. मग तळव्यावर दहा जागी दोरा लावला. मास्तर कान देऊन, मिटल्या डोळ्यांनी वाट बघत होते. एकदाही 'हो' आलं नाही. शेवटी त्यांनीच विचारलं की अजून सुरू नाही केलंत का.

मग उभं केलं. पाय जुळवून, डोळे मिटून. मी मागे. तीन आकडे मोजेपर्यंत ते उजवीकडे कलले ते थेट माझ्या अंगावर. मी धरलं. "ड्रायव्हरने ब्रेक मारला," असं ते माझ्या छातीवर डोकं असतानाच म्हणाले, पण या वेळी कोणी हसलं नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मास्तरांच्याच भाषेत होतं, योगायोगाने. म्हणाल्या, साखरेने पायाच्या शिरा, म्हणजे संवेदनेच्या तारा खराब केल्यात. पाय जमिनीची बातमी वर पाठवत नाही. तुम्ही आता डोळ्यांनी उभे राहता. म्हणून उजेडात चालता, अंधारात डुगडुगता, तोंड धुताना पडता. गेलेलं सगळं परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत. साखर ताब्यात, पायात कायम बंद बूट, घरातसुद्धा अनवाणी नाही, रोज तळवे बघायचे, ओट्याला धरून उभं राहण्याचे व्यायाम, आणि जिन्यात कठडा धरायचा. धरायचाच.

"आणि गणपती?" काकूंनी विचारलं.

मास्तरांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू तिने घरातलं गुपित चव्हाट्यावर मांडलं.

ते असं होतं. कोकणातला माणूस गणपतीला गावी जातो. पण कंडक्टरला गणपतीत रजा कोण देणार, जादा गाड्या त्याच दिवसांत. चार-पाच वर्षं मास्तरांचं गावी जाणं हुकलं, तेव्हा गावच्या भावाला विचारून त्यांनी मुलुंडच्या घरात दीड दिवसाचा गणपती बसवला. आणि नियम घातला, त्यांचा त्यांनीच. विसर्जनाला निघालेला गणपती घरातून उचलला की पाण्यापर्यंत मध्ये टेकवायचा नाही, हात बदलायचा नाही, न्यायचा तो घरच्या कर्त्याने, अनवाणी, दोन्ही हातांत छातीशी धरून. तीन मजले खाली आणि अलीकडे गल्लीच्या टोकाच्या मैदानातल्या कृत्रिम तलावापर्यंत. एकतीस वर्षं मोडला नव्हता. मुलगा नाही, एक मुलगी दिंडोशीला दिलेली, जावयाच्या घरी स्वतःचा गणपती. आता छातीशी हातभर मूर्ती धरली की खालचे पाय दिसत नाहीत. आणि ज्याला पाय दिसले नाहीत तर पाय आहेत हेच कळत नाही, त्याने चोपन्न पायऱ्या उतरायच्या.

डॉक्टर म्हणाल्या, यंदा नाही. मास्तर मान हलवत होते, हो पण नाही आणि नाही पण नाही.

पुढचे काही दिवस बिल्डिंग शांत होती. चेअरमन सभेत पाऊण तास बोलले, कोणी थांबवलं नाही. मास्तर संध्याकाळी कट्ट्यावर यायचे बंद झाले. काकू रोज सकाळी आरसा घेऊन त्यांचे तळवे तपासत, बसमध्ये अचानक चढणाऱ्या तपासनीसासारख्या, आणि ते मुकाट पाय पुढे करून बसत. पडण्याने जेवढं केलं नव्हतं तेवढं पडण्याच्या भीतीने केलं. माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस बारीक झाला. मला फार वाईट वाटायचं, आणि मी सेक्रेटरी म्हणून जिन्यात दोन जास्तीचे दिवे लावण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

मग चतुर्थीला आठ दिवस असताना, दुपारी, जिन्यात ढगफुटी झाल्यासारखा आवाज झाला. मी दार उघडलं. दुसऱ्या मजल्याच्या खालून पहिल्यापर्यंत पायऱ्यांवर तांदूळ होता. दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर मास्तर भिंतीला पाठ लावून बसले होते. शेजारी पाट, पाटाच्या पुढे रिकामा डबा अजून गोल फिरत होता. काकू बाजारात गेल्याचं बघून त्यांनी पाटावर पाच किलोचा डबा ठेवून, तो छातीशी धरून तालीम केली होती. अनवाणी.

मी धावत गेलो. लागलं नव्हतं फार, कोपर खरचटलं होतं. खालून शहाबाईंनी विचारलं काय झालं. "चिमण्यांना घातले," मास्तर ओरडून म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ते गावचं बोलले, जे माझ्याशी कधी बोलत नसत.

"माका माझे पाय गावनत नाय रे."

पाय सापडत नाहीत, म्हणाले. खाली बघितलं की असतात, वर बघितलं की नसतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि या वेळी साबण नव्हता. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. मी तांदूळ गोळा करायला लागलो. तेही करायला लागले. काकू पिशवी घेऊन जिन्यात आल्या तेव्हा आम्ही दोघे मुलांसारखे मुठीमुठीने डबा भरत होतो. त्यांनी पाट बघितला, डबा बघितला, नवऱ्याचे अनवाणी पाय बघितले. रागावतील असं वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, कुठल्या पायरीवर पडलात.

"तिसाव्या," मास्तर म्हणाले. "खालून मोजली तर. पहिल्या वळणापर्यंत नऊ, मग नऊ, मग नऊ, मग तीन."

"सगळ्या पाठ आहेत?"

"एकतीस वर्षं मोजतोय. खाली दिसतं कुठे गणपती हातात असला की."

काकूंचा चेहरा कॅम्प मागायला आल्या होत्या तेव्हासारखा झाला होता, आणि मला बरं वाटलं.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, उजेड असताना, उत्तरपूजा झाली. आम्ही दहाबाराजण त्यांच्या घरात दाटीवाटीने उभे. मास्तर मूर्तीसमोर उभे होते, सोवळं नेसून, आणि पाय उघडे. काकूंनी आरतीचं ताट खाली ठेवलं, पदर खोचला आणि सरळ मूर्ती उचलली.

"सुमन," मास्तर म्हणाले. "बायका नेत नाहीत आपल्यात."

"ह्याला केला कुणी? आईने," काकू म्हणाल्या. "आईच्या हातून जायला त्याची काही हरकत नाही. तुमची आहे का?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"पण मला खाली पायरी दिसत नाही," काकू पुढे म्हणाल्या, आणि आवाज अचानक गरीब झाला. "पायऱ्या मला पाठ नाहीत. मी पडेन. गणपतीसकट पडेन. कोणीतरी मोजायला पाहिजे. घंटी पाहिजे. वळण आलं की एक, उतरायचं की दोन. तुमची ती अंगठी लोखंडी कठड्यावर चांगली वाजते."

मास्तर बोटातली अंगठी चाचपायला लागले. मग काकूंनी डोळ्यांनी कोपऱ्याकडे खूण केली. तिथे पाटावर नवे कोरे बंद बूट ठेवले होते, कधी जमिनीला न लागलेले, आणि दोन्हींच्या नाकावर हळद-कुंकू. नव्या स्कूटरची करतात तशी त्यांची रीतसर पूजा झाली होती, एकेक फूलही वाहिलं होतं. कंडक्टर अनवाणी ड्यूटीवर जात नाही, काकू म्हणाल्या.

निघालो. पुढे मी, उलटा, काकूंच्या समोर हात पसरून. मग काकू, छातीशी गणपती. त्यांच्या मागे तीन पायऱ्या सोडून मास्तर, आणि त्यांच्या मागे जावई, कंबरेवर हात न ठेवता पण ठेवण्याच्या बेतात. लोखंडी कठड्यावर टण टण झालं. काकूंनी पाय खाली टाकला. एक, दोन, तीन, मास्तर मोठ्याने मोजत होते, त्या जुन्या आवाजात, पुढे चला, पुढे चला. नऊ. टण. काकू थांबल्या. टण टण. वळल्या. दर दाराशी माणसं उभी होती, कुणी मोरया म्हटलं की मास्तर त्याला गप्प करत होते, कारण घंटी ऐकू यायला हवी.

कठड्यावर अंगठी वाजवायची तर हात कठड्यावर असावा लागतो. एवढं साधं. पहिल्या वळणापर्यंत हात वर उचलून ठोका देत होते. दुसऱ्या वळणानंतर बोटं कठड्याभोवती वळली आणि ठोका फक्त एका बोटाने पडायला लागला. खालून तिसाव्या, ते पडले होते त्या पायरीवर त्यांचा आवाज जरा लांबला, मी वर बघितलं. बोटांची पेरं पांढरी झाली होती. मग टण टण, आणि आम्ही पुढे उतरलो. चोपन्न पायऱ्या, एकही चुकली नाही. मूर्ती कुठे टेकली नाही. तळमजल्यावर चेअरमन म्हाताऱ्या माणसासारखे रडत होते, जे ते होतेच.

फाटकाशी काकू जरा पुढे गेल्या, तेव्हा मास्तर माझ्या कानाशी आले.

"बाईने दांडी धरायला लावली मला," ते म्हणाले. "दुसऱ्या मजल्यावरच कळलं."

"मग सोडली का नाही?"

"चालत्या गाडीत?" ते म्हणाले, आणि पुढे जाऊन तलावाच्या पाळीवर दोन ठोके दिले. काकूंनी गणपती पाण्यात सोडला.

पुढच्या उन्हाळ्यात बिल्डिंग पाडायला निघाली. सगळे पांगले. मास्तर आणि काकू दिंडोशीला, मुलीच्या सोसायटीत, तिथे लिफ्ट आहे. सामान टेम्पोने पुढे गेलं आणि हे दोघे टॅक्सीने निघाले. मी खाली सोडायला गेलो. पायात तेच बूट, नाकावरचं कुंकू पुसट. खिडकीतून त्यांनी मला एक घडी केलेला कागद दिला. सोसायटीच्या नावाने, रीतसर. 'जिन्याबाबतचा माझा अर्ज मी मागे घेत आहे. जिना सरळ होता.' खाली तीच झोकदार सही.

मी वाचून वर बघितलं. ते पुढच्या सीटवर बसले होते आणि खिडकीच्या वरचं हँडल त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरलं होतं. गाडी अजून उभीच होती. मी त्या हाताकडे बघतोय हे त्यांनी बघितलं. मला वाटलं, आता सोडतील.

"काय बघतोस," ते म्हणाले. "पॅसेंजर आहे मी आता."

मागच्या खिडकीतून काकूंनी हात बाहेर काढला आणि बांगडीने दारावर दोन ठोके दिले.

टॅक्सी निघाली.